अजून सुरू कुठे झालाय!

आमच्या घरात सिनेमाला जायचं ठरलं की भांडण सिनेमावरून होत नाही, वेळेवरून होतं. सव्वासहाचा खेळ असेल तर मला सहाला खुर्चीत बसायचं असतं आणि बायको सव्वासहाला निवांत कानातले शोधत असते. "अहो, आधी जाहिराती, मग ते तंबाखूचं, मग आभार. साडेसहाशिवाय काही सुरू होत नाही." तिचं गणित बिनचूक आहे. पंचाईत एवढीच, की मला जे बघायचं असतं ते साडेसहाला संपलेलं असतं.

मी सिनेमाच्या आधी येणारी निर्मिती संस्थांची बोधचिन्हं टिपून ठेवतो. हलती. फिरणारा पृथ्वीगोल, डरकाळी फोडणारा सिंह, ताऱ्यांनी वेढलेला डोंगर. त्यासाठी रोजकीर्दीची लांबट वही केली आहे. रकाने सात: संस्था, सिनेमा, वर्ष, सेकंद, काय हलतं, आवाज कसला, शेरा. सध्या तिसरी वही चालू आहे. या छंदाला मराठीत नाव नाही. घरात आहे, पण ते छापण्याजोगं नाही.

लोक म्हणतात, मोबाइल काढायचा आणि टिपायचं, त्यात काय? त्यात तुरुंग आहे. थिएटरात पडदा चोरून चित्रित केला तर २०२३च्या कायदादुरुस्तीनुसार किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख दंड. एखाद्या चांगल्या कमळासाठी तीन महिने मी काढीनही. तीन लाखांचं घरी काय सांगणार? म्हणून पेन. आणि अंधार. अंधारात लिहिताना एक ओळ दुसरीच्या डोक्यावर जाऊन बसते. घरी येऊन दिव्याखाली वाचावं तर 'सोनेरी गरुड उडतो' याचं 'सोनेरी गाढव बुडतो' झालेलं. एकदा टोकाला दिवा असलेलं पेन नेलं. मागच्या रांगेतून लगेच आलं, "ओ काका, लाइट!"

हल्ली काम वाढलंय तेही बेसुमार. पूर्वी एका सिनेमाला एक निर्माता असायचा. आता सादरकर्ते, सहनिर्माते, 'च्या सहयोगाने', 'यांच्यासमवेत', आणि प्रत्येकाचं फिरतं नाव वेगळं. परवा एका मराठी सिनेमाला सात मोजली. त्यातल्या पाचांत काळ्या आकाशातून सोनेरी धूळ उडत येते, तिची अक्षरं होतात, अक्षरांवरून उजेडाची तिरीप सरकते आणि 'धड्डाम्' असा आवाज होतो. सहाव्यात निर्मात्याचे आई-वडील हार घातलेल्या फोटोतून बघत होते. आवाजाच्या रकान्यात काय लिहावं याचा विचार करेपर्यंत सातवं येऊन गेलं, कारण तेवढ्यात बायकोने पॉपकॉर्नचा डबा माझ्या मांडीवर, म्हणजे वहीवर ठेवला. "अजून सुरू कुठे झालाय!" ती म्हणाली.

जुन्यांची गोष्ट वेगळी होती. तिथे निर्माता पहिल्या दहा सेकंदांत आपला स्वभाव सांगून टाकायचा. मेहबूब प्रॉडक्शन्सच्या चिन्हात विळा-हातोडा, आणि सोबत आवाज घुमतो तो असा, की वैऱ्याने लाख वाईट चिंतलं तरी होतं तेच, जे देवाला मंजूर असतं. मार्क्स आणि नशीब एकाच चौकटीत! माझा शेरा: 'दोन्हीकडून विमा.' राज कपूरच्या आर. के. फिल्म्सचं चिन्ह १९४९च्या 'बरसात'मधल्या दृश्यावरून घेतलेलं. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर रेललेली नायिका. त्याच्या आधी पडद्यावर पृथ्वीराज कपूर शंकराची पूजा करतात. वडिलांनी अभिषेक करायचा आणि लगेच मुलाने हे. आमच्याकडे असतं तर वडिलांनी तांब्या फेकून मारला असता. इंग्लंडच्या रँक कंपनीचा तो उघडाबंब पैलवान प्रचंड मोठी घंटा बडवायचा. ती घंटा कागदाच्या लगद्याची होती. आवाज जेम्स ब्लेड्स नावाच्या वादकाने वेगळ्याच वाद्यावर काढलेला. हे कळलं त्या रात्री मी नीट जेवलो नाही.

आणि आमची प्रभातची तुतारी. १९२९मध्ये कोल्हापुरात निघालेली, १९३३मध्ये पुण्याला आलेली कंपनी. तिच्या स्टुडिओच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तुतारी फुंकणारी ती बाई म्हणजे माझ्या वहीचं पहिलं पान असायला हवं होतं. ते पान अजून कोरं आहे, आणि त्याचं दुखणं मी कोणाला सांगू? जालावर जुने सिनेमे मिळतात, पण चढवणाऱ्या महाभागांना सुरुवातीचं बाईमाणूस फालतू वाटतं. एका प्रतीत तुतारीचा सूर लागतो न लागतो तोच चित्र कापलेलं. दुसऱ्या प्रतीत तिच्या जागी निळ्या पार्श्वभूमीवर कुठल्याशा कंपनीचं नाव गरगर फिरतं, खाली फोन नंबर. मी फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "सर, पिक्चर पूर्ण आहे. फक्त कचरा काढलाय."

मला या नादाला लावलं ते मात्र दूरदर्शनने. त्याच्या चिन्हातले ते दोन बाकदार आकार एकमेकांभोवती फिरत यायचे, मागून ती रडवेली सनई, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आवाज कमी करा रे, कोणी गेलंय का?" १ एप्रिल १९७६ला ते पहिल्यांदा दिसलं. देवाशीष भट्टाचार्य यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत असताना काढलेलं चिन्ह. धून उस्ताद अली अहमद हुसेन खाँ आणि पंडित रविशंकर यांची. संगणक बिंगणक काही नाही. चिन्हाच्या प्रती फिरवत फिरवत कॅमेऱ्याखाली टिपल्या आणि ती गरगर तयार झाली. आता 'काय हलतं' या रकान्यात हे लिहायचं कसं? नेमकं कुठून कुठे फिरतं ते कळावं म्हणून मी जेवणाच्या टेबलावर दोन काजू आणि मध्ये एक वाटाणा मांडून सनई तोंडाने वाजवत ते फिरवत होतो. दहाएक मिनिटं झाली असतील. दारात मुलगा आणि त्याचे दोन मित्र उभे होते. मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा रिटायर झालेत," आणि सगळे बाहेरूनच गेले.

या सगळ्याचा कळस गेल्या दिवाळीत झाला. साफसफाईत आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट सापडली. बायको हरखली. तिने ती एकदाच पाहिली होती, तीही पाहुण्यांच्या गर्दीत. मी जुन्या बाजारातून व्हीसीआर आणला, पुसला, जोडला. ती चहा घेऊन बसली. पडदा निळा झाला, दोन आडव्या रेघा थरथरल्या आणि एक गुलाबाची कळी उमलू लागली. कळीतून शंख आला. शंख फिरला, त्याचा बदाम झाला, बदामातून आमच्या शूटिंगवाल्याच्या स्टुडिओचं नाव तिरपं गिरक्या घेत बाहेर पडलं, सरळ झालं, आणि मागे सनई.

"थांब थांब," मी ओरडलो. "ही नोंद माझ्याकडे नाही!"

"अहो, पुढे जाऊ द्या. माझी आजी आहे त्यात."

"एकदाच. सेकंद मोजतो."

टेप मागे नेली. बावीस सेकंद. शंख डावीकडे फिरतो की उजवीकडे ते राहिलं, म्हणून पुन्हा मागे. उजवीकडे. सनई की क्लॅरिनेट? पुन्हा मागे. चौथ्या वेळी गुलाब अर्धा उमलला आणि व्हीसीआरच्या पोटातून सुपारी कातरल्यासारखा आवाज आला. कॅसेट ओढून काढली तर मागोमाग तपकिरी फीत, कुरडया वाळत घातल्यासारखी, कार्पेटभर. तीस वर्षांची बुरशी, मधोमध तुकडा पडलेला.

बायको काही बोलली नाही. चहाचे कप उचलून आत गेली. मी वही उघडली. सातही रकाने पहिल्यांदाच पूर्ण भरले होते. शेऱ्यात लिहिलं: 'मूळ प्रत उपलब्ध नाही.' आतून आवाज आला, "संपलं का तुमचं? का अजून सुरूच कुठे झालंय?"