मैदान गाजवायचंय? मग मुद्दा घरी ठेवून या

पालिकेचं तिकीट मिळालंय ना? मग आता भाषण शिका. आपल्या वॉर्डात पाणी किती वाजता येतं हे ठाऊक नसलं तरी चालेल, माईक तोंडापासून किती बोटं लांब धरायचा हे ठाऊक हवं.

सभा सहाची असेल तर आठला पोचा. तोवर गल्लीतले वक्ते लोकांना इतकं पिळतात की तुम्ही नुसतं "नमस्कार" म्हणालात तरी टाळ्या पडतात. शिवाय रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम आहे. या नियमाचे वक्त्यांवर थोर उपकार आहेत. पावणेदहापर्यंत विरोधकांचा समाचार घ्या, मग मंचाखालच्या हवालदाराकडे बघत म्हणा, "बोलायचं खूप होतं, पण मी कायदा पाळणारा माणूस." विकास राहून जातो, बोल पोलिसांना लागतो. शिवाजी पार्क मिळालं तर सोन्याहून पिवळं. उच्च न्यायालयाने २०१० साली ते शांतता क्षेत्र ठरवलं. शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. त्यात दोघांच्या साध्या गप्पाही बसत नाहीत, आणि तुम्ही तर मुंबई वाचवायला आलाय.

हो, मुंबई वाचवायचीच. १ मे १९६० ला ती महाराष्ट्राची राजधानी झाली, तरी "मुंबई तोडण्याचा डाव" दर निवडणुकीला ताजाच निघतो. हुतात्मा चौकात हार घालून आलो, हे आवर्जून सांगा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत अत्रे बोलायचे, डांगे बोलायचे, आणि ऐकणारी माणसं तुरुंगात जायची तयारी ठेवून उठायची. आपल्याला एवढं नको. आपली माणसं वडापाव खाऊन वेळेत बसमध्ये चढली की झालं.

सगळ्यात महत्त्वाचा पाण्याचा ग्लास. आवाज चढवत न्या: "त्यांनी या मुंबईत किती खाल्लं, ते मी..." आणि थांबा. ग्लास उचला. सावकाश दोन घोट. दुसऱ्या रांगेत आपला पोरगा बसवलेला असतोच, तो ओरडतो, "सांगा साहेब, सांगा!" मग सगळं मैदान "सांगा, सांगा" करतं. ग्लास ठेवा, रुमालाने ओठ टिपा आणि म्हणा, "वेळ आल्यावर सांगेन." शिट्ट्यांनी मैदान दणाणतं. काही सांगितलं असतंत तर पुरावा मागितला असता.

परळ-लालबागला गिरणी कामगारांच्या घरांचा विषय काढा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्यांच्या जागी टॉवर आले, कामगाराचा मुलगा बदलापूर-विरारकडे गेला आणि तिथला मतदार झाला. त्यामुळे वचन बिनधास्त द्या. मागणाराच तुमच्या यादीत नाही.

खड्ड्यांचं कुणी काढलंच, तर मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, एवढं म्हणा. अशी सोय पुन्हा मिळेलच असं नाही, पुरवून वापरा.

सभा संपल्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. विचारतो तो एकटा मंडपवाला: "साहेब, मागच्या सभेचे पैसे?" त्याच्यापुढे मात्र भाषण करू नका. तो सगळ्याच पक्षांचे मंडप घालतो.