घळ मोजून काय कळतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आमच्या गुरचरणातल्या तीन घळी मोजून मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वही काढून बसलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कोकणात पाऊसच एवढा, घळी पडणारच, गुरं आता उरलीत किती, मग खापर त्यांच्यावर का, आणि घळीला टेप लावून गुरचरणाची तब्येत कळत नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे मी चुकलोय. मधल्या घळीची खोली वर्षभरात वीतभर कमी झाली, म्हणजे ती भरून येतेय, असं मी लिहिलं होतं. तुमचं वाचून परत सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेलो. तळाची माती बाजूच्या कडा ढासळून पडलेली होती. घळ रुंद होत होती आणि मी खूश होत होतो! घळीच्या माथ्यापासून, म्हणजे ती वर जिथे सुरू होते तिथून, चढाकडे मीटर-मीटरवर मीच खुंट्या मारल्या होत्या. त्यातल्या पहिल्या दोन घळीत पडलेल्या. त्यांच्याकडे बघायचं सुचलंच नव्हतं. आता दोन्ही काठांवर सळया ठोकल्यात. त्यांच्यात दोरी ताणायची आणि दोरीपासून जमिनीपर्यंत दर 20 सेंटिमीटरवर टेप सोडायची. मेअखेर एकदा, दसऱ्यानंतर एकदा. पण आधी उभ्या उरलेल्या खुंट्या मोजायच्या. घळ किती खोल यापेक्षा ती चढावर सरकतेय का, हे मला जास्त सांगून जातं. जुन्या, माथ्यावर गवत धरलेल्या घळी आमच्याकडेही आहेत. त्यांची आता काही तक्रार नाही.

हिशेबाचंही कबूल करतो. एका हेक्टरवरून 1 मिलिमीटर माती गेली की झाली 10 घनमीटर, म्हणजे साधारण 13 टन. डोळ्याला काही दिसत नाही. 10 मीटर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल घळीतूनही तेवढीच जाते आणि ती बघून सगळे हळहळतात. तेव्हा घळीवरून एकूण धूप काढू नये, हे तुमचं बरोबर. मी घळ बघतो ती वरच्या उतारावर पाणी मुरतंय की पळतंय, हे समजायला. सोबत गवताचे ठोंबही बघतो. मधल्या घळीच्या वर ठोंब काडेपेटीएवढ्या उंच मातीच्या ढेकळांवर उभे आहेत, मुळं उघडी. आजूबाजूची माती गेली, ठोंबाखालची तेवढी राहिली.

पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. पण गडग्याच्या, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणाच्या, पलीकडे गवतासाठी राखलेल्या तुकड्यावरही तोच पडतो आणि तिथे साधा ओघळ नाही. मात्र ही तुलना मी समजत होतो तेवढी सरळ नाही. गुरचरणाच्या वर सड्याचा उघडा कातळ आहे, त्याचं सगळं पाणी खाली येतं. राखलेल्या तुकड्याच्या वर कातळ नाही. आणि रस्त्याकडची घळ तर रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशीच सुरू होते. अख्ख्या उताराचं पाणी एका जागी सोडलं की घळ पडणार, वर हिरवंगार कुरण असलं तरी. ती मी यादीतून काढली. राहिल्या दोन.

गुरांचं तुम्ही म्हणता ते खरं, पूर्वीच्या मानाने निम्मीही नसतील. पण पूर्वी ती सगळ्या सड्यावर पांगायची. आता आंबा-काजूच्या कलमांना चहूबाजूंनी कुंपणं पडली, आणि उरलेली गुरं एकाच वाटेने पाणवठ्यावर उतरतात. खुरांनी ती वाट गुडघाभर खोल गेलीय, पावसात पाणीही तिथूनच. त्यात एप्रिलमधला वणवा. जूनची पहिली सर उघड्या, राखेने काळ्या जमिनीवर पडते. यात गुरांचा दोष कमी, कुंपणं नि काडी लावणाऱ्यांचा जास्त. हे मूळ लेखात यायला हवं होतं.

अनघड दगडांचे बांध का घालत नाही, असंही तुम्ही विचारलंय. दगडाला तोटा नाही. पण नुसत्या तळात बांध घालून माथा तसाच सोडला, तर घळीचं चढावर सरकणं थांबत नाही. आधी वाट हलवायला हवी, म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही तिघांनी करवंदीच्या फांद्या टाकून ती बंद केली. दुसऱ्या दिवशी गुरांनी दोन हात शेजारून नवी वाट पाडली होती.