पाच फूट सात, आणि वजनगट नाही

मे महिन्यात पार्क चौकातला कट्टा रात्र झाली तरी तापलेलाच असतो. त्या दगडावर बसून परवा आम्ही बर्फावरच्या हॉकीवरून तासभर भांडलो. आमच्यातल्या एकानंही गोळ्याच्या गाड्याबाहेर बर्फ पाहिलेला नाही, हे आधीच कबूल करतो.

निमित्त टॉवेलवाल्याच्या मावसभावाचा पोरगा. टोरांटोत वाढलेला, वय १७, तिकडच्या ज्युनियर लीगमध्ये फॉरवर्ड. जूनमध्ये एनएचएलचा, म्हणजे तिकडच्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट आहे. त्यात संघ पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात. त्याला कुणी उचलेल का? गोल भरपूर. उंची पाच फूट सात, वजन ६६ किलो.

"मग विषय संपला की," पैलवान म्हणाला. "तिथला सरासरी गडी सहा फूट एक, ९० किलो. वर धडक मारायला नियमानंच मुभा. कुस्तीत ६६ चा ६६ शी धरतो बे. तिथं वजनगट हाय का?"

टॉवेलवाला चिडला. "पन्हा कमी म्हणून माल परत करतात लोकं, वीण कुणी बघत नाही."

त्यावर मास्तरांनी मार्टिन सँ लुईचं नाव काढलं. पाच फूट आठ. ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नव्हतं, नंतर कॅल्गरीच्या संघानं घेऊन सोडून दिलं. २००४ मध्ये टँपा बेच्या संघाकडून त्यानं स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचा अजिंक्य करंडक जिंकला, वर लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. "२००५ पासून काठी अडकवून धरणं, अंगाला लोंबकळणं यावर शिट्टी कडक झाली. तेव्हापासून बुटक्यांना वाट मिळाली," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुमचा माणूस २००४ ला जिंकला, शिट्टी २००५ ला कडक झाली. मग शिट्टीचं काय घेऊन बसलाय?" पैलवानाला असं काही सापडलं की तो चहा थंड होऊ देतो.

मास्तर हटले नाहीत. तोच सँ लुई २०२२ ला मॉन्ट्रियलचा प्रशिक्षक झाला आणि त्याच वर्षी मॉन्ट्रियलनं लेन हटसनला घेतलं, ६२ व्या क्रमांकावर. पाच फूट नऊचा, तोही बचावपटू, म्हणजे धडका झेलायच्या जागेवरचा. २०२४-२५ च्या पहिल्या पूर्ण मोसमात त्यानं गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून ६६ गुण काढले आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक नेला.

"दोन नावं सांगितलीत. जे वर पोचलेच नाहीत त्यांची सांगा की."

इथं सगळे गप्प झाले. पैलवानाचं हे मला पटलं, बाकीचं नाही. ज्युनियरमध्ये समोरची पोरंही अर्धीकच्चीच असतात, त्यांना चकवून केलेल्या गोलांची बेरीज वर उपयोगाची नाही. बघायचं ते एवढंच, की हा गोल कुठून मारतो. लांबून, मोकळी जागा मिळाल्यावर, की जाळ्यासमोरच्या रेटारेटीत घुसून? रेटारेटीतला असेल तर त्यानं कमी उंचीवर तोडगा काढलेला आहे. लांबूनच मारत असेल, तर वर गेल्यावर ती मोकळी जागा कुणी देणार नाही.

आणि दुसरं, भाव. ३२ संघ, सात फेऱ्या. पहिल्या फेरीत मी त्याला हात लावणार नाही. सहाव्या फेरीत डोळे झाकून घेईन, कारण तिथं घेतलेली सहा फुटी पोरंसुद्धा बहुतेक पुढं लागत नाहीतच. मग निदान ज्याला खेळ येतो तो घ्यावा.

"म्हणजे तू माझ्याच बाजूनं बोलालायस," टॉवेलवाला म्हणाला. पैलवानालाही तसंच वाटलं.

शेवटी त्या पोरालाच मेसेज टाकला: गोल कुठून मारतोस? तिकडं सकाळचे दहा. टिका निळ्या झाल्या, उत्तर नाही.

"जिममध्ये असंल," पैलवान उठता उठता म्हणाला. "२४ किलो वाढवायचंय ना त्याला."