रेलिंगपाशी कुणी मोजत नाही

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वहिनींनी क्रूझचं रंगीत ब्रोशर टाकलं. खाली थेट मला प्रश्न: "भावजी, तुमचं आयुष्य जहाजावर गेलं. जायला हरकत नाही ना?"

आता मी आयुष्यभर बल्क कॅरिअरवर कोळसा आणि लोहखनिज वाहिलं. क्रूझशी माझा संबंध एवढाच, की रात्रीच्या वॉचला कधी कधी क्षितिजावरून दिवाळीचं अख्खं दुकान तरंगत जाताना दिसायचं. पण वहिनींच्या लेखी जहाज ते जहाज. मी लिहिलं, "बिनधास्त जा." मग आणखी एक मेसेज लिहिला आणि पाठवायच्या आधी खोडला. सुट्टीला निघालेल्या माणसाला असलं काही सांगू नये. तो खोडलेला मेसेज इथे लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

क्रूझवरून माणसं समुद्रात पडतात आणि बेपत्ता होतात. फार नाहीत. क्रूझ कंपन्यांच्या संघटनेनेच करून घेतलेल्या अहवालात २००९ ते २०१९ या काळात जगभर असे २१२ प्रसंग नोंदले आहेत, प्रवासी आणि कर्मचारी धरून. २०१९ या एका वर्षात जवळपास तीन कोटी लोक क्रूझला गेले होते. त्या हिशोबाने वहिनींना डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडण्यात जास्त धोका आहे. माझं दुखणं दुसरं आहे. जे पडतात, त्यांतला चौघांत साधारण एकच हाती लागतो.

का, ते कळायला आमच्या बंडूची गोष्ट ऐका. बंडू म्हणजे मॅन ओव्हरबोर्ड ड्रिलचा, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर काय करायचं याच्या कवायतीचा पुतळा. जुना नारिंगी बॉयलर सूट, आत चिंध्या आणि रिकामे प्लास्टिकचे कॅन. एकदा अरबी समुद्रात, सकाळी दहाच्या लख्ख उन्हात, बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, त्याला पाण्यात सोडला. कधी सोडणार, कुठल्या बाजूने सोडणार, हे ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, सगळ्यांना आधीच माहीत होतं. दोघं जण तर नुसते त्याच्याकडे बोट रोखून उभे होते, कारण एकदा नजर हलली की संपलं. तरीही आम्ही वळून येईपर्यंत बंडू दिसेनासा झाला. पाऊण तासाने सापडला. कॅप्टन काही बोलला नाही, पण त्या दिवशी जेवताना मेसमध्ये नेहमीची थट्टामस्करी नव्हती.

नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ टाकलाय ना कधी? दहा-बारा लाटांनंतर कुठे होता, सांगता येतं? पाण्याबाहेर माणसाचं डोकं तेवढंच दिसतं. जहाज वीस नॉटने, म्हणजे ताशी साधारण सदतीस किलोमीटरने, चाललं असेल तर मिनिटाला सहाशे मीटर पुढे जातं. दहा मिनिटं उशीर म्हणजे सहा किलोमीटर. वर रात्र असेल तर विचारूच नका.

आम्हाला तीन वळणं शिकवतात. माणूस डोळ्यांदेखत पडला तर एक. पडल्याचं थोडं उशिरा कळलं तर विल्यमसन टर्न, म्हणजे जहाज आपल्याच मागच्या वाटेवर उलटं आणणं. आणि कुणी पाहिलंच नाही, माणूस नुसता सापडत नाहीये, तर शार्नोव्ह टर्न. पण तिसऱ्या वळणाने मागे जाऊन थांबायचं कुठे? सगळं घोडं 'कधी पडला' या एका प्रश्नावर अडतं.

२०२२ च्या नोव्हेंबरात 'कार्निव्हल व्हॅलर' या जहाजावरचा एक तरुण रात्री अकराच्या सुमारास बारमधून टॉयलेटला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. तो नाहीसा झाल्याची तक्रार झाली दुसऱ्या दिवशी दुपारी, तीही त्याच्या बहिणीने केली म्हणून. मधल्या बारा-तेरा तासांत जहाजाला पत्ता नव्हता. तरुण नशीबवान! मेक्सिकोच्या आखातात कोमट पाण्यात तो पंधरा तासांहून जास्त तरंगत राहिला, आणि शेवटी दिसला कुणाला? 'क्रिनिस' नावाच्या एका बल्क कॅरिअरला. (आमच्या जातीच्या जहाजाला! कॉलर ताठ करू द्या थोडी.) मग कोस्ट गार्डच्या हेलिकॉप्टरने उचलला. २०१८ मध्ये ॲड्रियाटिक समुद्रात एक ब्रिटिश बाई अशाच दहा तासांनी जिवंत सापडल्या होत्या. अशा बातम्यांना आपण चमत्कार म्हणतो आणि पुढे सरकतो. माणूस इतके तास तग धरू शकतो आणि जहाजाला तेवढ्या वेळात तो नसल्याचं समजत नाही, यातलं दुसरं वाक्य कुणी वाचत नाही.

आणि जहाजाला समजत नाही असंही कसं म्हणू? क्रूझवर तुमच्या गळ्यात एक कार्ड असतं. केबिनचं दार त्यानेच उघडतं. बिअर किती वाजता घेतलीत, कॅसिनोत किती उडवलेत, बंदरावर कधी उतरलात, कधी परत चढलात, सगळी नोंद. बंदरात एक माणूस कमी भरला की त्याच्या नावाने पुकारा होतो. पण दोन बंदरांमधल्या पाण्यात रेलिंगपाशी कुणी मोजत नाही.

२००४ ची अलास्काची गोष्ट तर वाचवत नाही. 'मर्क्युरी' जहाजावर एक बाई एकटी प्रवास करत होती. केबिन साफ करणाऱ्या स्टुअर्डच्या लक्षात आलं की ही बाई केबिनमध्ये झोपतच नाहीये. त्याने वरिष्ठाला सांगितलं, पुन्हा सांगितलं. उत्तर मिळालं, तू तुझं काम कर. सफर संपल्यावर तिचं सामान गोळा करून ठेवून दिलं, पोलिसांना कळवलं नाही. तिच्या बापाने, केंडल कार्व्हर यांनी, स्वतः शोध लावला, वकील आणि खाजगी गुप्तहेर लावले, तेव्हा हे बाहेर आलं. मुलगी सापडली नाही. कार्व्हर यांनी मग 'इंटरनॅशनल क्रूझ व्हिक्टिम्स' ही संघटना काढली, अमेरिकन संसदेपुढे साक्ष दिली. मला मात्र त्या स्टुअर्डचीच आठवण येत राहते. अख्ख्या जहाजावर त्या एकाचंच लक्ष होतं, आणि तो हुद्द्याने सगळ्यात खाली.

अशा कुटुंबांच्या रेट्यामुळे २०१० मध्ये अमेरिकेत कायदा आला. रेलिंग किमान ४२ इंच उंच हवं, केबिनच्या दाराला पाहायचं भोक हवं, अमेरिकन नागरिक बेपत्ता झाला तर एफबीआयला कळवायला हवं. आणि एक कलम असं की प्रवासी पडताना त्याचं चित्रण करणारं किंवा तो पडल्याचं ओळखणारं तंत्रज्ञान जहाजावर हवं, ते जितपत उपलब्ध असेल तितपत.

सगळा घोळ त्या 'किंवा'त आहे. चित्रण करणारा कॅमेरा तर जहाजावर पावलोपावली असतो. पण तो पाहतो कोण? माणूस हरवल्याचं कळलं की सकाळी बसून रात्रीचं फुटेज चाळायचं, आणि अडीच वाजता काहीतरी खाली गेल्याचं पाहायचं. पंचनाम्याला उत्तम. जीव वाचवायला त्याच क्षणी ब्रिजवर वाजणारी घंटा लागते, म्हणजे कठड्याबाहेर माणसाएवढं काही गेलं की सेन्सरने ओळखायचं आणि जागा नोंदवायची. 'उपलब्ध नाही' हे कारणही आता चालणार नाही, कारण २०२० मध्ये या यंत्रणेचं आंतरराष्ट्रीय मानक निघालं, आयएसओ २११९५. काही जहाजांवर ती बसली आहे. सगळ्यांवर नाही.

कंपन्या म्हणतात, पक्षी आणि लाटांचे तुषार यांनी खोटे अलार्म वाजतात. वाजत असतील. आमच्या जहाजावर गॅलीत पोळी करपली की फायर अलार्म वाजायचा. म्हणून डिटेक्टर काढून ठेवावा असं कुणाला सुचलं नाही.

घंटा वाजली म्हणजे सगळं झालं असंही नाही. २०२३ च्या जुलैअखेरीस पेनांगहून सिंगापूरला परतणाऱ्या 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज'वरून एक भारतीय ज्येष्ठ महिला बेपत्ता झाल्या. जहाजावरून काहीतरी पडल्याचा इशारा यंत्रणेने दिला होता, असं कुटुंबाला सांगण्यात आलं. नवरा जागा झाला तेव्हा बायको केबिनमध्ये नव्हती. मुलाने समाजमाध्यमांवर मदत मागितली, फुटेज दाखवा म्हणून विनवण्या केल्या. बाई गेल्याच.

त्या बातमीखालच्या कमेंट मी वाचल्या. निम्म्या लोकांचा निकाल तयार: "उडी मारली असणार." बाकीच्यांचा: "सेल्फी काढत असेल." सेल्फीचं मी समजू शकतो. २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझच्या उद्घाटनाला तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या पत्नी सेल्फीसाठी जहाजाच्या कडेला जाऊन बसल्या होत्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. आणि हेही खरं की छातीएवढ्या कठड्यावरून चालता चालता कुणी पडत नाही. उडी असते, दारू असते, कधी घातपात असतो. पण म्हणून शोध उशिरा सुरू व्हावा का? २०२४ च्या ऑगस्टमध्ये अटल सेतूच्या कठड्यावर बसलेल्या बाईला टॅक्सीवाल्याने केस पकडून धरलं आणि पोलिसांनी वर खेचलं, तेव्हा आधी कारण विचारलं होतं का?

कर्मचाऱ्यांबद्दल तर कुणी लिहीतही नाही. २०११ मध्ये 'डिस्ने वंडर'वरची एक ब्रिटिश तरुणी मेक्सिकोजवळ नाहीशी झाली. जहाजावर झेंडा बहामासचा, म्हणून तपास बहामासचा. तपासाला आला एक पोलिस अधिकारी. गोव्यातले तारवटी म्हणजे जहाजी नोकर, आपल्या कोकणातली पोरं याच जहाजांच्या किचनमध्ये आणि हाउसकीपिंगमध्ये राबतात. त्यांच्यातला कुणी गेला तर त्याची आई कुठल्या देशाच्या पोलिस ठाण्यात जाणार?

असो. खोडलेला मेसेज शेवटी वहिनींना फोनवर सांगितला, पण थोडक्यात. रात्री डेकवर एकट्या जाऊ नका, दादाला सोबत घ्या. कुणी पडताना दिसलं तर ओरडायचं, हाताला लागेल ती रिंग फेकायची आणि बोट रोखून नजर हलवायची नाही. आणि बुकिंगवाल्याला एक विचारा: या जहाजावर माणूस पडला तर ब्रिजवर आपोआप अलार्म वाजतो का?

वहिनी भिडस्त नाहीत, त्यांनी खरंच विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, काळजीच करू नका, जेवण अनलिमिटेड आहे."