पेनड्राइव्ह इथे, फाइल मॅनेजर तिथे

थिन क्लायंटवर, म्हणजे टेबलावर नुसता छोटा डबा आणि प्रोग्राम सगळे सर्व्हरवर अशा जोडणीत, फाइल मॅनेजर लावणं सोपं असतं म्हणणाऱ्याला एकदा समोर बसवाच. पेनड्राइव्ह खोचलाय टेबलावरच्या डब्यात, प्रोग्राम चालतोय पलीकडच्या सर्व्हरवर. त्याला तो दिसणार कसा, दिव्यदृष्टीने? मग त्यासाठी वेगळी जोडणी करा, परवानग्या द्या, युजरला ग्रुपात घाला. एवढं करून दिसलाच, तर काढायच्या वेळी म्हणतो, 'डिव्हाइस वापरात आहे'. कोण वापरतंय? मी तर नाही!

आणि ती थंबनेल! फोटोंचा फोल्डर उघडला की सर्व्हर एकेक फोटो वाचून चिमुकली चित्रं रंगवत बसतो. सगळ्यांनी एकदम उघडला, की माउसचा बाण जागच्या जागी थिजलेला. कोणी मागितली होती ही चित्रं? बंद करावीत, तर सेटिंग प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये वेगळी. नॉटिलस हा फाइल मॅनेजर जड म्हणून दुसरा, थुनार आणा, थुनार नको तर पीसीमॅनएफएम; लोकांचा प्रश्न एकच, 'जुनं का काढलं?'

सर्व्हरवर वाट्याला आलेल्या जागेचा कोटा भरला म्हणून फाइल डिलीट करावी, तर ती कचरापेटीत जाऊन त्याच कोट्यात ठाण मांडते. डिलीट करायला आता अर्ज लिहून द्यायचा का?