सुट्टी लागली, आता मुलाला ठेवायचं कुठे?

मे उजाडला की पोटात गोळा येतो. शाळा बंद, त्या थेट जूनच्या मध्यापर्यंत. विदर्भात तर जून संपत येईपर्यंत. आमच्या ऑफिसला मात्र सुट्टी नाही. मग मुलाला दिवसभर सांभाळायचं कुणी? सासूबाईंचे गुडघे दुखतात, आईला बीपी. त्यांनी आपली मुलं वाढवली, आता आमचीही वाढवायची?

समर कॅम्प म्हणे! सकाळी दहा ते बारा. बाराला आणायला कोण जाणार? नोकरी करणाऱ्या आईबापांचा विचारच नाही यात. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं, चांगलंच झालं. पण ते लहानग्यांसाठी. आठ वर्षांच्या पोराचं काय?

आणि दरवेळी रजा आईनेच टाकायची, हे कुणी ठरवलं? बाबाने मुलासाठी दोन दिवस मागितले की साहेब विचारतात, "घरी मिसेस नाहीत का?" संताप होतो नुसता.

शाळांचे वर्ग, मैदानं महिनाभर कुलपात पडून असतात. तिथे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मुलांची सोय का होऊ शकत नाही? आम्ही पैसे द्यायला तयार आहोत.