इंधनाला कळत नाही, पैसे कधी भरले ते

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपवरून फिरून आला. त्याचा सार असा: विमानात हातातल्या बॅगेचं वजन करून जादा पैसे घेतात ते योग्यच आहे, कारण वजन वाढलं की इंधन जास्त जळतं. बॅगेचे पैसे वेगळे लावले म्हणून तर हलक्या हातानं जाणाऱ्याला तिकीट स्वस्त पडतं. नियम तिकिटावर छापलेला असतो, न वाचणाऱ्याची चूक. परदेशात हे केव्हाच रूढ झालंय. आणि शेवटी नेहमीचा टोमणा, परवडत नसेल तर लाल बसनं जा.

इंधनाचा मुद्दा ऐकायला शास्त्रीय, म्हणून तो सगळ्यात जास्त खपतो. हिशेब मांडून बघू. जादा चढवलेल्या वजनाच्या साधारण तीन-चार टक्के इंधन दर तासाला जादा जळतं, असा ढोबळ आडाखा आहे. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळूर तासा-सव्वातासाचं. म्हणजे तीन किलो जादा असतील तर शंभर-दीडशे ग्रॅम इंधन. लिटरला शंभर रुपये धरले तरी वीस रुपयांच्या आतबाहेर. काउंटरवर मात्र एकेका किलोला काही शे रुपये लागतात. बरं, तोच भार आदल्या दिवशी ऑनलाइन घेतला की दर उतरतो. विमान तेच, बॅग तीच. तुम्ही पैसे मंगळवारी भरले की बुधवारी, हे इंधनाला कसं कळतं, ते मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

इंधनाचं कारण पुढं करण्याची एक जुनी गोष्टही बघण्यासारखी आहे. 2008 साली अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनं पहिल्या चेक-इन (काउंटरवर सोपवायच्या) बॅगेला 15 डॉलर लावले, कारण तेल महागलं होतं. त्या जुलैत बॅरलचा भाव 140 डॉलरच्या वर गेला. डिसेंबरात तो 40 च्या खाली आला. बॅगेचे 15 डॉलर काही खाली आले नाहीत, उलट पुढं वाढत गेले.

जागेचा मुद्दा कुणी मांडला असता तर मी ऐकून घेतलं असतं. सांबऱ्याला येणाऱ्या छोट्या विमानांत डोक्यावरचे कप्पे खरंच अरुंद असतात. पण जागा किलोत मोजत नाहीत.

आता तिकीट स्वस्त पडण्याचं. हे अर्धं खरं आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या खात्यानं, कंपन्यांना चेक-इन सामान नसलेलं सवलतीचं तिकीट विकायला परवानगी दिली. एका सॅकवर महिन्यातून दोनदा जाणाऱ्या आयटीवाल्या पोराचा त्यात फायदाच आहे. प्रश्न उरतो तो आयुष्यात दोनदा जाणाऱ्यांचा.

आमची खानापूरची मावशी. लेकीच्या बाळंतपणाला पहिल्यांदाच विमानानं निघाली. तिकीट मी काढलं, आणि दोनशे रुपये वाचतात म्हणून ‘फक्त केबिन बॅग’वालं काढलं. एकच तर बॅग आहे, असा विचार. काउंटरवर ती बॅग काट्यावर ठेवली आणि आकडा आला 10.2. मर्यादा 7 किलोंची. ‘मूरु केजी जास्ती इदे अम्मा’ (तीन किलो जास्त आहे), पलीकडची मुलगी म्हणाली, तशी शांतपणे. साध्या तिकिटावर 15 किलोपर्यंत चेक-इन सामान फुकट जातं, म्हणजे तीच बॅग बिनबोभाट आत गेली असती. आता पैसे भरा नाहीतर काढा. मावशीनं तिथंच फरशीवर बसकण मारली आणि चेन उघडली. डिंकाच्या लाडवांचा डबा, कुंद्याचा बॉक्स, गोकाकचा करदंट, बाळासाठी शिवलेली गोधडी, दोन किलो इंद्रायणी. मागं रांग. तिनं स्वेटर अंगात चढवला, गोधडी शालीसारखी पांघरली, तांदूळ माझ्या हातात दिला. तरी काटा सातावर येईना. मग मी कार्ड पुढं केलं. वाचवलेल्या दोनशेच्या पाचपट गेले.

चूक माझी, मान्य. मी वाचलं नव्हतं. पण डीजीसीएच्या त्याच परिपत्रकात लिहिलंय की हे दर वाजवी असावेत, तिकीट काढताना ठळक दाखवावेत आणि तिकिटावर छापावेत. माझ्या तिकिटावर ते होते. चौथ्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत. (साधी सरकारी परिपत्रकं मराठीत मिळावीत म्हणून ज्या भागात अर्ज करून करून पिढ्या गेल्या, तिथं विमानाच्या अटी मराठीत मागायच्या म्हणजे थट्टाच.) आणि ‘वाजवी’ म्हणजे किती? एकदा आकडा ठरवून पाहिला होता. 2016 मध्ये 15 ते 20 किलोंच्या टप्प्यातल्या जादा सामानाला किलोला 100 रुपयांची मर्यादा घातली गेली. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि 2017 मध्ये ती मर्यादा रद्द झाली.

परदेशाचं उदाहरण तर मेसेजवाल्याच्याच अंगाशी येतं. युरोपियन युनियनच्या न्यायालयानं 2014 मध्येच म्हटलंय की वाजवी आकार-वजनाची आणि सुरक्षेच्या नियमांत बसणारी हातातली बॅग हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, तिचे वेगळे पैसे लावता येणार नाहीत. तरी कंपन्यांनी लावले. नोव्हेंबर 2024 मध्ये स्पेन सरकारनं अशा व्यवहारांपायी पाच कंपन्यांना मिळून 17.9 कोटी युरोंचा दंड ठोठावला. कंपन्यांना तो अर्थातच मान्य नाही. म्हणजे तिकडं हे रूढ झालेलं नाही, त्यावर भांडण चालू आहे. आपल्याकडं निदान 7 किलोंची एक बॅग अजून तिकिटातच धरलेली असते. ‘परदेशात चालतं’ म्हणत तीही सोडून द्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

राहिला लाल बसचा टोमणा. त्यात टोमणा कसला ते मला कळलेलं नाही. बसच कशाला, रेल्वेत स्लीपरला माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं, आणि मावशीच्या डोक्यात ‘प्रवासाचं सामान’ म्हणजे तोच आकडा होता. महिन्याभरानं ती परत आली ती राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं. सोबत दोन बॅगा, लेकीनं दिलेला मिक्सर आणि एक पोतडी. स्टेशनवर उतरवून घेताना माझा खांदा भरून आला. तिला विचारलं, किती किलो असेल गं? म्हणाली, ‘कुणाला ठाऊक? कुणी विचारलंच नाही की.’